पुरात बुडालेली मोटारसायकल: दुरुस्त करावी, विम्यावर सोडावी की मोडीत काढावी?

धागाकर्ता:

नमस्कार. इमारतीच्या तळघरात उभी असलेली माझी मोटारसायकल पुराच्या पाण्यात टाकीच्याही वरपर्यंत बुडाली होती, आणि पाणी ओसरायला रात्र उलटून गेली. पाणी नदीचे, गाळाचे होते. पाणी शिरले तेव्हा गाडी बंद होती आणि त्यानंतर मी तिला चावी लावलेली नाही. गाडी काही वर्षे वापरलेली, फ्युएल इंजेक्शनची, पुढच्या चाकाला एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेली आहे, आणि विमा गाडीचे स्वतःचे नुकसान भरून देणारा आहे.

एका परिचितांनी सुचवले की एकदा सेल्फ मारून पाहावा, सुरू झाली तर प्रश्नच मिटला. दुसऱ्यांचे म्हणणे असे की पुरातली गाडी पुन्हा कधीच धड होत नाही, तेव्हा येईल त्या किमतीला काढून टाकावी. रोजच्या कामाला माझ्याकडे हीच एक गाडी आहे, त्यामुळे निर्णय लवकर व्हायला हवा, पण घाईपायी नुकसान वाढू नये अशीही इच्छा आहे. ज्यांनी अशा गाड्या उघडून पाहिल्या आहेत त्यांनी कृपया सांगावे की आधी काय तपासावे आणि कशावरून ठरवावे.

पहिला प्रतिसाद:

आपण अजून चावी लावलेली नाही हे फार चांगले केलेत, आणि पुढचे काही दिवस तरी कोणी कितीही आग्रह केला तरी लावू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आदळतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही; त्यामुळे सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो आणि तो वाकतो. किंचित वाकलेला रॉड अधिक फसवा असतो, कारण इंजिन सुरू होते, चालतेही, पण कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) कमी मिळते, पिस्टन एका बाजूने घासत राहतो आणि इंजिन काही काळाने आतून खराब झालेले निघते. शिवाय इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवताच टाकीतला पंप काही क्षण आपोआप चालतो, आणि टाकीत पाणी असेल तर ते सेल्फ न मारताही इंजेक्टरपर्यंत जाऊन पोहोचते.

माझा मुख्य सल्ला असा की गाडीचे पुढे काय करायचे हा निर्णय आणि तिच्यातले पाणी काढणे, या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवा. निर्णयाला आठवडा लागला तरी चालेल. पाणी काढायला मात्र आठवडा लावून चालत नाही. पूर्ण बुडालेल्या लोखंडापेक्षा ओलसर राहून हवा लागलेले लोखंड वेगाने गंजते, म्हणजे खरे नुकसान पूर ओसरल्यानंतर सुरू होते. सिलिंडरची भिंत, बेअरिंगे आणि वायरी जोडणाऱ्या कपलरच्या पिना या तीन ठिकाणी ते सर्वांत महाग पडते.

म्हणून आधी बॅटरीची ऋण वायर सोडवा, मग धन, आणि बॅटरी बाहेर काढा. त्यानंतर स्पार्क प्लग काढा, गाडी वरच्या गिअरमध्ये टाका आणि मधल्या स्टँडवर मागचे चाक हाताने हळूहळू फिरवा. पाणी असेल तर ते प्लगच्या छिद्रातून जोरात उडते, तेव्हा चेहरा बाजूला ठेवा. चाक एखाद्या ठिकाणी ठामपणे अडले तर जोर लावू नका, तिथेच थांबा आणि इंजिन उघडूनच पाहा. चाक मोकळे फिरले आणि पाणी यायचे थांबले, की छिद्रातून थोडे इंजिन ऑइल सोडा आणि चाक पुन्हा फिरवा, म्हणजे भिंतीवर तेलाचा थर बसून गंज थांबतो. हे सर्व करताना हातमोजे घाला, कारण पुराच्या गाळात सांडपाणी मिसळलेले असते आणि हातावर साधे खरचटलेले असले तरी लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाचा धोका राहतो.

दुसरा प्रतिसाद:

वरील सल्ला तांत्रिकदृष्ट्या योग्य आहे, परंतु विम्याचा दावा करायचा असेल तर क्रम थोडा बदलावा लागेल. प्लगला हात लावण्यापूर्वी विमा कंपनीला लेखी कळवा आणि गाडीची छायाचित्रे काढा: पाण्याची रेघ जिथवर उमटली आहे ती, गाळाने भरलेला एअर फिल्टर, मीटरच्या काचेआडचे पाणी, चासी क्रमांक. पाहणी होण्याआधी इंजिन उघडले तर नुकसान पाण्याने झाले की उघडणाऱ्याच्या हातून, असा वाद निघू शकतो. त्याच पत्रात असेही लिहा की गंज वाढू नये म्हणून आपण बॅटरी सोडवत आहात आणि पाणी व ऑइल काढू इच्छिता, आणि त्याला लेखी संमती मागा. नुकसान वाढू न देणे ही विमाधारकाची जबाबदारी बहुतेक करारांत लिहिलेली असते, त्यामुळे अशी संमती नाकारण्याला फारसा आधार उरत नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे अनेक दावे अडतात. उभ्या गाडीत पाणी शिरून झालेले नुकसान आणि पाणी शिरल्यावर इंजिन सुरू करायला गेल्याने झालेले नुकसान यांत अनेक विमा करार फरक करतात, आणि दुसऱ्या प्रकाराला वेगळे संरक्षण घेतलेले नसेल तर ते नाकारले जाते. गाडी बंद होती आणि बंदच ठेवली आहे, हे आपल्या पत्रात पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहा.

धागाकर्ता:

आपणा दोघांचे मनापासून आभार. कंपनीला कळवले, पाहणी झाली आणि पाणी काढण्यास संमती मिळाली. प्लगमधून पाणी उडाले, पण चाक कुठेही न अडता फिरले. ऑइल काढले तेव्हा बोल्ट सैल करताच आधी स्वच्छ पाणी आले आणि मागून दुधाळ, तपकिरी रंगाचे दाट मिश्रण आले. मेकॅनिक म्हणतात की इंजिनमध्ये डिझेल भरून काही मिनिटे चालवले की ते आतून धुऊन निघेल. हे करू द्यावे का? आणि इंजिन वाचले असे धरले, तर आता गाडी दुरुस्त करायला हरकत नाही ना?

तिसरा प्रतिसाद:

डिझेल भरून इंजिन चालवू देऊ नका. डिझेल पातळ असते, बेअरिंग आणि पिस्टनच्या मधला तेलाचा थर ते धुऊन नेते, आणि ज्या इंजिनच्या आत आधीच गंजाचे कण असण्याची शक्यता आहे त्याला असे कोरडे चालवणे घातक आहे. त्याऐवजी साधे, स्वस्त पण योग्य दर्जाचे ऑइल भरा, इंजिन थोडा वेळ मंद गतीने चालवा, गरम असतानाच ते काढून टाका, आणि दुधाळपणा पूर्ण जाईपर्यंत हेच करत राहा. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच यांना एकच ऑइल असते, त्यामुळे ओल्या क्लचसाठीचे, म्हणजे जासो एमए प्रतीचेच ऑइल घ्या. क्लच प्लेटांवरचे घर्षणाचे अस्तर पाण्यात राहिले की फुगते, प्रसंगी सुटतेही. तेव्हा प्लेटा एकदा काढून पाहाव्यात हे बरे.

इंजिन सुरू करण्याआधी टाकी रिकामी करणे मात्र अनिवार्य आहे. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी, नेमके पंपापाशी जमते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असेल तर ते पाणी ओढून घेते आणि पाणी पुरेसे झाले की इथेनॉल व पाण्याचा वेगळा थर होऊन खाली बसतो, म्हणून वरवरचे पेट्रोल वाचवण्याच्या मोहात पडू नये. पंप काढून टाकी आतून पुसून घ्यावी. कागदी एअर फिल्टर सरळ टाकून द्यावा, आणि सायलेन्सरमधले पाणी काढल्याशिवाय पहिला सेल्फ मारू नये.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. माझ्या मते पुरातल्या गाडीचा निकाल इंजिनवर लागतच नाही. तो वायरिंगवर लागतो. इंजिन हे शेवटी धातूचे आहे, उघडता येते, धुता येते, मोजता येते. वायरिंगचे तसे नाही. तांब्याच्या तारांत आवरणाखालून पाणी चढते, कपलरच्या पिनांवर हिरवट थर धरतो, आणि गाडी दोन महिने उत्तम चालून एके दिवशी भर रस्त्यात बंद पडते. म्हणून सीट आणि टाकी काढून प्रत्येक कपलर सोडवा आणि त्याच्या आत उजेड पाडून पाहा. ओला पण चकचकीत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन, वाळवून, ओलावा रोखणारे डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून परत बसवता येतो. पिनेवर हिरवी किंवा पांढरी भुकटी दिसली तर तेवढा भाग बदलण्याची तयारी ठेवा, आणि अशी भुकटी ईसीयूच्या (इंजिनचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाच्या) किंवा एबीएसच्या कपलरमध्ये असेल तर दुरुस्तीचा अंदाज त्या क्षणी नव्याने मागवा, कारण हे दोन भाग बदलावे लागले तर जुन्या गाडीचा सगळा हिशेब उलटतो. पाणी समुद्राचे असते तर मी एवढे लिहिलेही नसते. खारे पाणी रात्रभर आत राहिले असेल तर विमा घेऊन गाडी सोडून द्यावी असेच मी म्हणतो. आपले पाणी गोडे आहे, म्हणून तपासण्यात अर्थ आहे.

चौथा प्रतिसाद:

ब्रेककडे कोणी वळले नाही म्हणून लिहितो. ब्रेक ऑइल पाणी शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो, ओलावा धरलेल्या ऑइलसाठी ठरवलेली किमान मर्यादा १५५ अंशांची आहे. म्हणजे उतारावर ब्रेक तापले की ऑइलमध्ये वाफ होऊन लिव्हर एकदम पोकळ लागू शकतो. ते पूर्ण बदला. मागे ड्रम असेल तर उघडून गाळ काढा. दोन्ही चाकांची बेअरिंगे आणि हँडलचा कोन सेट (हँडल ज्यावर वळते ती बेअरिंगे) हे बदलण्याच्याच यादीत धरा, पुढच्या शॉकचे ऑइलही. आणि प्रेशर पंपाने गाडी धुऊ नका. त्याने सीलच्या बाहेरचा गाळ आत जातो. साधा पाण्याचा पाइप आणि ब्रश पुरतो.

धागाकर्ता:

सर्व कपलर सोडवून पाहिले. मीटरचा आणि मागच्या दिव्याचा कपलर खराब आहे, ईसीयू आणि एबीएसचे मात्र स्वच्छ निघाले. कॉम्प्रेशन मोजले, ते उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत आहे. दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या विमा मूल्याच्या निम्म्याहून कमी आहे आणि त्यातला मोठा भाग कंपनी देण्यास तयार आहे, तेव्हा गाडी ठेवायची असे ठरवतो आहे. बॅटरी चार्ज करून तीच वापरावी का, एवढेच विचारायचे राहिले.

तिसरा प्रतिसाद:

एवढे पाहिल्यावर गाडी ठेवण्याचा आपला निर्णय मला पटतो. बॅटरी लिथियमची असेल तर ती मुळीच चार्ज करू नका. पाण्यात बुडालेल्या लिथियम बॅटरीला नंतरही आग लागू शकते, ती घराबाहेर ठेवून योग्य ठिकाणी जमा करा. सीलबंद लेड ॲसिडची असेल तर बाहेरून धुऊन, वाळवून, चार्ज करून भाराखाली तपासता येईल, पण दाव्यात बसत असेल तर नवीच घ्या. बदललेल्या प्रत्येक भागाचे बिल आणि उघडलेल्या इंजिनची छायाचित्रे जपून ठेवा, कारण पुढे कधी गाडी विकायची झाली तर ती पुरातली आहे हे घेणाऱ्याला सांगावे लागेल आणि तेव्हा तेच कागद कामाला येतील. पहिला महिनाभर लांबचा प्रवास टाळा, आणि महिन्याने सीट काढून तेच कपलर पुन्हा एकदा उघडून पाहा.