मदत हवी आहे: घातक कचऱ्याच्या दुसऱ्या भट्टीची जनसुनावणी, आधी काय मागायचं?

नमस्कार मंडळी. आमचं गाव एका रासायनिक एमआयडीसीला लागून आहे आणि मी ग्रामपंचायत सदस्य आहे. शिवेवर घातक कचरा जाळणारी, अनेक कारखान्यांची मिळून एक सामायिक भट्टी बरीच वर्षं चालू आहे. आता त्याच आवाराशेजारी दुसरी, मोठी भट्टी उभारायचा प्रस्ताव आलाय. पुढच्या महिन्यात जनसुनावणी आहे.

गावात दोन तट पडलेत. तरुण पोरं म्हणतात, सरसकट विरोध करू. जुनी माणसं म्हणतात, भट्टी नसली की रात्री टँकर ओढ्यात रिकामे होतात, ते दिवस आम्ही पाहिलेत. मला दोन्हीकडचं पटतं. म्हणून भट्टी हवी की नको यापेक्षा क्रमावर बोलावं असं वाटतंय: आधी चालू भट्टीची पूर्ण तपासणी, मग नवीचा विचार.

ही मागणी जगावेगळी नाही. अमेरिकेत १९८४ च्या कायदादुरुस्तीने परवान्यांचा क्रमच ठरवून दिला होता: कचरा पुरायच्या जागांचा निर्णय नोव्हेंबर १९८८ पर्यंत, भट्ट्यांचा नोव्हेंबर १९८९ पर्यंत, बाकीच्यांचा १९९२ पर्यंत. तरी घातक कचरा जाळणारे कितीतरी बॉयलर आणि सिमेंटच्या भट्ट्या तात्पुरत्या मान्यतेवरच चालत राहिल्या. शेवटी मे १९९३ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, प्रमुख कॅरल ब्राउनर यांनी जाहीर केलं की पुढचे १८ महिने नव्या क्षमतेचे अर्ज मागे राहतील आणि चालू असलेल्यांना पूर्ण परवान्याखाली आणायचं काम आधी होईल. शिवाय परवान्याआधी धोक्याचा अभ्यास करायचा, तोही फक्त श्वासावाटे जाणाऱ्या विषाचा नाही. डायॉक्सिन, म्हणजे कचरा जळताना तयार होणारं अत्यंत विषारी रसायन, चाऱ्यावर बसतं, तिथून दुधात आणि अंड्यात उतरतं, तेही मोजायचं. आमच्या गावात घरोघरी म्हशी आहेत आणि दूध डेअरीला जातं, त्यामुळे हा मुद्दा मला सगळ्यात जवळचा वाटतो.

आपल्याकडे २००८ च्या मानकांत डायॉक्सिनची मर्यादा घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम आहे. पण गेटवरच्या बोर्डावर तापमान, कार्बन मोनॉक्साइड, धूलिकण एवढंच दिसतं. डायॉक्सिन कुठेच दिसत नाही.

माझे प्रश्न:
१) 'आधी जुनी, मग नवी' ही अट मंजुरीत घालता येते का, की सुनावणीत फक्त हो-नाही एवढंच चालतं?
२) जुन्या भट्टीचे कोणते कागद आधी मागवू? वेळ कमी आहे.
३) दुसरी भट्टी खरंच लागते का, हे कसं तपासायचं?

जाणकारांनी कृपया सांगा. सुनावणीत बोलायला मोजकीच मिनिटं मिळतील.

प्रतिसाद – काठावरचा

ताई, मी रासायनिक कारखान्यांच्या पर्यावरण विभागात बरीच वर्षं काढली आहेत. तुमचा क्रम बरोबर आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: घालता येते. जाळण्याची सोय असलेला सामायिक प्रकल्प पर्यावरणीय मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेत 'अ' वर्गात येतो, म्हणजे निर्णय केंद्रीय मंत्रालयाचा. सुनावणीत मतदान होत नाही, पण तिथे नोंदलेल्या प्रत्येक आक्षेपाला कंपनीला अंतिम अहवालात उत्तर द्यावं लागतं. म्हणून बोलण्याआधी लेखी द्या आणि पोच घ्या. इतिवृत्त तिथेच मराठीत वाचून दाखवायचं असतं. ते ऐकल्याशिवाय कुणी उठू नका. मंजुरीनंतरही उभारणीची संमती वेगळी आणि चालवण्याची संमती वेगळी. चाचणी-दहनाचा, म्हणजे भट्टीत प्रत्यक्ष कचरा जाळून घेतलेल्या चाचणीचा, निकाल जाहीर झाल्याशिवाय दुसरी संमती नको, ही मागणी नेमक्या शब्दांत लिहा.

कागदांत सगळ्यात आधी डायॉक्सिनचे प्रयोगशाळेचे अहवाल, आणि नमुना घेतला त्या दिवशी भट्टीत कोणता कचरा किती होता त्याची नोंद. स्वच्छ कचरा जाळून घेतलेला नमुना काहीच सांगत नाही. त्यानंतर आपत्कालीन धुराडं किती वेळा उघडलं ते विचारा. वीज गेली की धूर शुद्धीकरण यंत्रणा टाळून थेट बाहेर पडतो, आणि गावाला वास बहुतेकदा तेव्हाच येतो.

प्रतिसाद – माळव्यातला मराठी

मी इंदूरला असतो, पिथमपूर इथून जवळच. भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा २०२५ मध्ये तिथे जाळला. उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली आधी १०-१० टनांच्या तीन चाचण्या झाल्या, ताशी १३५, १८० आणि २७० किलो वेगाने. मग उरलेला जाळला. लोकांचा विरोध तीव्र होता म्हणूनच इतकं टप्प्याटप्प्याने झालं असं माझं मत. तुम्हीही वेग टप्प्याने वाढवण्याची अट मागा. आणि राख विसरू नका. चुना वगैरे मिसळावा लागत असल्याने मागे उरलेला ढीग मूळ कचऱ्यापेक्षा जड भरला. तुमच्याकडची राख कुठे पुरणार?

काठावरचा

तिसरा प्रश्न राहिला होता. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत जाळून विल्हेवाट ही शेवटची पायरी आहे. त्याआधी कमी करणं, पुन्हा वापरणं आणि सिमेंट भट्टीत इंधन म्हणून देणं येतं. उष्मांक जास्त आणि क्लोरीन कमी असलेला कचरा सिमेंटवाले घेतात. क्लोरीनवाला त्यांना नको असतो, तोच तुमच्याकडे उरतो. तेव्हा अहवालातल्या क्षमतेच्या गणितातून सिमेंटला जाणारा भाग वजा केलाय का ते बघा. कारखान्यांची वार्षिक विवरणपत्रं, म्हणजे नमुना ४, माहिती अधिकारात मागवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. माहिती अधिकाराचा अर्ज उद्याच टाकते, धुराड्याची नोंदवही त्यात पहिली. राखेचं आमच्या डोक्यातच नव्हतं, ते लेखी आक्षेपात घालते. एक विचारायचं राहिलं: दुधाचे नमुने डायॉक्सिनसाठी तपासून देणारी प्रयोगशाळा कुणाला माहीत आहे का, आणि नमुना कुठल्या भांड्यात, कसा पाठवायचा? नवी भट्टी पेटण्याआधीचा आकडा आमच्या हातात असायला हवा.