मदत हवी आहे: आईच्या हाडांची झीज, गोळी की वर्षातून एकदा सलाईन?

नमस्कार मंडळी, आम्ही डिचोलीला राहतो. आई ६८ वर्षांची. पावसात अंगणात घसरली आणि मनगट मोडलं. उभ्या उभ्या पडून हाड मोडलं म्हणून डॉक्टरांनी डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करायला सांगितलं. कण्याचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडाच्या तुलनेत घनता किती ते सांगणारा आकडा, उणे २.९ आला. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं विरळ आणि ठिसूळ होणं.

डॉक्टरांनी छान समजावलं: हाड जिवंत असतं, जुनं खरवडणाऱ्या पेशी आणि नवं भरणाऱ्या पेशी आयुष्यभर काम करतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, खरवडणं वाढतं आणि भरणं मागे पडतं. मणक्यांच्या आतलं जाळीदार हाड आधी विरळ होतं. आता कळतंय, आईची उंची का कमी झाल्यासारखी वाटायची ते.

दोन पर्याय दिलेत. आठवड्याला एक अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी, उपाशीपोटी, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. आईला आम्लपित्त आहे, त्यामुळे मला भीती वाटते. किंवा वर्षातून एकदा झोलेड्रोनिक अ‍ॅसिड शिरेतून. त्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), कॅल्शियम, व्हिटॅमिन डी तपासायचं, आणि दात काढायचा असेल तर तो आधीच. तिची एक दाढ हलतेय!

कुणाच्या घरी हे इंजेक्शन घेतलंय का? नंतर ताप, अंगदुखी किती दिवस राहिली? दाढ काढल्यावर किती थांबायला सांगितलं? बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) यासाठी नेमक्या कुठल्या ओपीडीत जायचं? नाचणी, तीळ, काट्यासकट तारले मासे ती आवडीने खाते. पडण्याची धास्ती घेऊन ती चालणंच टाळतेय, त्यावर काय केलंत तेही कृपया सांगा.