उघड्यावरची आइस हॉकी: मॅच बघायला जायचं की जत्रेला?

डेट्रॉइटकर (धागाकर्ता)
एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग) उघड्या स्टेडियममधल्या मॅचेसचं, म्हणजे विंटर क्लासिक, स्टेडियम सिरीज वगैरेचं कौतुक आता पुरे. दोन वर्षांपूर्वी चौघांची तिकिटं काढून अशाच एका मॅचला गेलो. चौथी रांग मिळाली म्हणून खूश! बसल्यावर कळलं, रिंक, म्हणजे खेळायचा बर्फ, फुटबॉलच्या मैदानाच्या मधोमध, आपण पार कडेला, आणि मध्ये रिंकभोवतीचा आडवा बोर्ड. नुसती हेल्मेटं इकडून तिकडे पळताना दिसत होती. पक, म्हणजे चेंडूऐवजी असते ती रबरी चकती, जेमतेम तीन इंचांचा, तो कुठाय हे लोकांच्या ओरडण्यावरून ताडायचं. काठी उठलेली दिसायची, 'टक' मागाहून ऐकू यायचं. शेवटी तिन्ही पिरियड मोठ्या स्क्रीनवरच पाहिले. मग घरचा सोफा काय वाईट होता? धाकटी तर पहिल्या इंटरमिशनलाच "बाबा, बोटं गेली" म्हणून रडायला लागली. नेहमीच्या बंदिस्त अरीनात रिंकभोवतीच्या काचेवर कोणी आपटलं की ते आपल्या छातीत जाणवतं. इथे काय जाणवतं? गारठा.

सानिका_टोरांटो
अहो, पण चौथी रांग घेतलीतच का? अशा मॅचला वरच्या जागा घ्यायच्या हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं (रागावू नका हं). १ जानेवारी २०१४ ला अ‍ॅन आर्बरला मी इतकी वर होते की अजून दोन पायऱ्या चढले असते तर ढगात गेले असते. डेट्रॉइटचे रेड विंग्ज विरुद्ध आमचे टोरांटोचे लीफ्स, १,०५,४९१ माणसं, एकीकडे लाल, एकीकडे निळी, आणि वरून सतत भुरभुरणारा बर्फ. मध्येच खेळ थांबवायचे, माणसं फावडी घेऊन रिंक झाडून जायची, त्यांनाही टाळ्या! शूटआउटला (बरोबरी सुटेना की एकेक खेळाडू एकटा गोलीवर चालून जातो ते) लीफ्स जिंकले तेव्हा पक मला दिसला नाही, पण निळे हात एकदम वर गेलेले दिसले. असलं अरीनात कुठे मिळणार?

पुणेरी_पक
ताई, पक दिसला नाही, लोकांच्या हातांवरून कळलं. धागाकर्ता वेगळं काय म्हणतोय?
माझी तक्रार वेगळी आहे. या मॅचचे गुण नेहमीच्या तक्त्यात धरतात, आणि खेळ मात्र हवामानाच्या मर्जीवर. २००३ ला एडमंटनला उणे १८ च्या आसपास पारा होता, मॉन्ट्रियलचा गोली (गोलरक्षक) थिओडोर मास्कवर लोकरी टोपी चढवून उभा. फोटो झकास आला, पण त्या थंडीत बर्फ ठिसूळ होतो, पक उड्या मारतो. उलट २०२१ ला लेक टाहोला उन्हाने बर्फच गेला, पहिल्या पिरियडनंतर आठ तास थांबून रात्री खेळले. कोविडमुळे प्रेक्षक नव्हते म्हणून निभावलं. असते तर आठ तास काय भेंड्या लावल्या असत्या?

बफेलोवाले_काका
भेंड्या लावायला काय हरकत आहे?
२००८ ची पहिली विंटर क्लासिक आमच्याकडे ऑर्चर्ड पार्कला झाली, सत्तर हजारांच्या वर लोक. सकाळपासून पार्किंगमध्ये शेगड्या पेटलेल्या. आम्ही कांदाभजी तळली, तर शेजारचे सॉसेजवाले ताटल्या घेऊन रांगेत. मॅच म्हणाल तर भर बर्फात शूटआउटला पिट्सबर्गच्या क्रॉस्बीने आम्हाला हरवलं. आजही बोचतं. पण पंढरपूरला जाऊन गाभाऱ्यापर्यंत पोचला नाहीत तर कळसाला हात जोडून परतताच ना? तसं आहे हे.
आणि मुलांना नेणार असाल तर पायाखाली जाड पुठ्ठा टाका. थंडी काँक्रीटमधून तळव्यात चढते, दोन-दोन मोजे घालूनही उपयोग होत नाही.

डेट्रॉइटकर
काका, कळसाच्या दर्शनाला तिकीट नसतं. मी अरीनाच्या दुप्पट मोजले होते!

पुणेरी_पक
+१. फारच हौस असेल तर लॉस एंजेलिससारख्या ठिकाणी जा. २०१४ ला डॉजर स्टेडियममध्ये खेळले होते. तिथे पक दिसो न दिसो, बोटं शाबूत राहतात.

सानिका_टोरांटो
ताडाच्या झाडांखाली विंटर हॉकी? त्यापेक्षा मी उसाचा रस पीत बॅडमिंटन बघेन.
@डेट्रॉइटकर, मुलीला विचारलंत का पण?

डेट्रॉइटकर
विचारलं. ती म्हणते, पुन्हा जाऊया. स्कोअर आठवत नाही, कोण जिंकलं तेही नाही. राष्ट्रगीताच्या वेळी डोक्यावरून गेलेली विमानं तेवढी आठवतात. काका, पुठ्ठा किती जाड लागतो?