नवं वेब-साधन शिकण्यात शिक्षकाने वेळ घालावा का?

गणिताच्या बाई
दर सत्राला कुणीतरी नवं ॲप सुचवतं आणि स्टाफरूममध्ये दोन तट पडतात. माझं मत: शिकावं, पण आपल्या विषयाची अडचण सुटणार असेल तरच. मी जिओजेब्रा, म्हणजे पडद्यावर हलत्या आकृत्या काढायचं गणिताचं साधन, शिकले ते भूमितीसाठी. अंतर्लिखित कोन फळ्यावर काढला की मुलांना एकच आकृती दिसते. पडद्यावर शिरोबिंदू कंसावरून कितीही सरकवला तरी कोनाचं माप तेवढंच राहतं, हे ती स्वतः करून बघतात आणि "असं का?" हा प्रश्न त्यांच्याकडूनच येतो. मग सिद्धता कशाला हवी, हे मला पटवून द्यावं लागत नाही. त्यासाठी सुट्टीतल्या संध्याकाळी गेल्या तर गेल्या.

इतिहासाचे सर
बाई, उदाहरण चांगलं आहे, पण सगळीच साधनं इतकी टिकत नाहीत. ३१ डिसेंबर २०२० ला वेबवर ॲनिमेशन चालवणाऱ्या फ्लॅशचा आधार संपला आणि त्यावर बेतलेले कितीतरी पाठ उघडेनासे झाले. वर्गासाठीचं ऑनलाइन व्यासपीठ एडमोडो २०२२ मध्ये बंद, गूगलचा ऑनलाइन फळा जॅमबोर्ड २०२४ च्या अखेरीस. त्यात साहित्य रचून ठेवणाऱ्यांनी काय करायचं? शिक्षकाचा वेळ फुकटच आहे असं सगळे धरून चालतात, याचा मला राग येतो. तोच वेळ वह्या तपासताना प्रत्येकाला समासात दोन ओळी लिहिण्यात घातला तर मुलांचं लेखन सुधारतं.

विज्ञानवाली
सर, साधन गेलं तरी त्यातून लागलेली शिकवण्याची सवय जात नाही. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाची बरीच सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे विज्ञानाचे प्रयोग, आधी जावा आणि फ्लॅश या जुन्या तंत्रांत होती, नंतर ती आताच्या ब्राउझरमध्ये थेट चालणाऱ्या एचटीएमएल५ मध्ये नव्याने केली गेली. "दुसरा बल्ब एकसर जोडला तर पहिल्याचा प्रकाश वाढेल की कमी होईल? आधी वहीत लिहा, मग जोडा," हे मी तेव्हाही सांगायचे, आताही सांगते.

भाषाशिक्षक
मला दोघांच्या मधलं बोलायचंय. कहूट या प्रश्नमंजुषेच्या ॲपवर तास रंगतो, पण नेहमीच्या पद्धतीत पटकन उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात. सावकाश वाचणारं मूल बरोबर असूनही यादीत खाली राहतं आणि हळूहळू भाग घेणंच सोडतं. हे फार वाईट आहे.

गणिताच्या बाई
@भाषाशिक्षक वेळ वाढवता येते, प्रश्नाचे गुण बंदही करता येतात. आणि चाचणीचा उपयोग खरा आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहिलं होतं.

इतिहासाचे सर
आठवून लिहायला कोरा कागद पुरतो, बाई! त्या प्रयोगातही तेवढंच होतं.

गणिताच्या बाई
पुरतो, मान्य. पण मोठ्या वर्गात कोण कुठे अडलं ते मला त्याच तासाला कळायला हवं. कागद घरी नेऊन तपासेपर्यंत पुढचा धडा सुरू झालेला असतो. शिवाय साधन निवडताना मी आधी बघते की सगळं साहित्य साध्या फाइलमध्ये उतरवून घेता येतं का. येत नसेल तर त्याच्या वाटेला जात नाही.

इतिहासाचे सर
ही अट मला पटली. माझीही एक लिहून घ्या: शिकण्यासाठी वेळापत्रकात तासिका हवी, आणि त्या तासिकेला बदली तास लावायचा नाही. तेवढं मिळालं तर मी पहिल्या बाकावर बसतो.