गणेशखिंडीतल्या बंगल्याचा ‘ड्राइव्ह’ मराठीत कसा आणावा?

तळटीप: पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीवरचा, म्हणजे जुन्या गव्हर्नमेंट हाउसवरचा (बांधकाम १८६४ ते १८७१) लेख मराठीत करतेय. फाटकापासून पोर्चपर्यंतचा बग्गीचा रस्ता, ‘ड्राइव्ह’, याला शब्द हवाय. ‘प्रवेशमार्ग’ लिहिलं तर संपादक म्हणाले, रेल्वे स्टेशनातली पाटी वाटते.

खडकीवाला: आमची आजी ‘लाटसायबाचा बंगला’ म्हणायची. लाट म्हणजे लॉर्ड. ‘बंगल्याचा रस्ता’ लिहा नि मोकळ्या व्हा.

काना_मात्रा: नको. तो गणेशखिंड रस्ताही होऊ शकतो. २२ जून १८९७ ला राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून रँड निघाला, त्याला चापेकरांनी गाठलं ते आवाराबाहेरच्या रस्त्यावर. लेखात तो प्रसंग आला की दोन्ही रस्त्यांचा गोंधळ होईल. आतल्याला ‘गाडीवाट’ म्हणा.

पंचगंगाकाठ: गाडीवाट? आमच्याकडं गाडीवाट म्हणजे चाकोऱ्या, धुरळा आणि पावसाळ्यात पोटरीपर्यंत चिखल! गव्हर्नर मुंबईहून पावसाळ्यातच तिथं राहायला यायचे, म्हणजे बिचाऱ्यांची बग्गी रुतलीच.

काना_मात्रा: शब्दाला चिखल लागत नाही हो. वापरला की रुळतो.

तळटीप: गाडीवाट आवडला. पण पुढे ‘लॉन’ आहे, त्याला हिरवळच ना?

खडकीवाला: आमच्या कॉलेजात ‘हिरवळ बघायला’ जायचे, ते गवत बघायला नव्हे.

शुद्धमती: टवाळीमुळे चांगला शब्द सोडायचा का? हिरवळ स्वच्छ मराठी आहे.

पंचगंगाकाठ: आणि लॉन लिहिलं तर वाचक पत्रिका शोधेल. हायवेला दर मैलावर ‘मंगल कार्यालय व लॉन्स’ आहे.

शुद्धमती: म्हणूनच म्हणते, परके शब्द नकोत. ‘आवारातील तृणभूमी’ लिहा.

काना_मात्रा: तृणभूमीवर म्हशी चरतात, ताई. आणि परके नकोत तर ‘बाग’ही काढा, फारसी आहे. ‘बंगला’ बंगालचा. मग उरेल काय, खिंड?

शुद्धमती: बाग रुळलाय, त्याची गोष्ट वेगळी.

काना_मात्रा: मग लॉन रुळला नाही? आत्ताच कुणीतरी पत्रिका म्हणालं.

तळटीप: अहो, माझा ड्राइव्ह राहिला!

खडकीवाला: राहू दे. पोर्चला काय लिहिलंत? ‘देवडी’ नका लिहू हं, देवडीत पहारेकरी बसतात.