मदत हवी आहे: चौकात पादचाऱ्यांना जास्त सेकंद कसे मिळवायचे?

नमस्कार मंडळी. पुण्यात आमच्या घराजवळच्या चौकात रस्ता साधारण चोवीस मीटर रुंद आहे. चालणाऱ्यांचा हिरवा दिवा मोजून बारा सेकंद. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या हिशेबात चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात, म्हणजे वीस तरी हवेत! माझी आई काठी घेऊन निघते ती रोज दुभाजकापाशीच अडकते, आणि तिथे धड उभं राहायलाही जागा नाही.

त्यात डावीकडे वळणाऱ्यांना सिग्नल नाहीच. वळण इतकं गोलाकार की रिक्षावाले ब्रेकला पायसुद्धा लावत नाहीत. सायकल ट्रॅक आहे म्हणे. तो विजेच्या डीपीसमोर येऊन संपतो, पुढे तुम्ही आणि पीएमपीची बस.

दोन अर्ज दिले. महापालिका म्हणते सेकंद पोलीस ठरवतात, पोलीस म्हणतात महापालिकेला विचारा.

कुणी आपल्या चौकात सेकंद वाढवून घेतलेत का, किंवा फुटपाथच्या उंचीचं क्रॉसिंग? अर्ज नेमका कुणाच्या नावे करायचा? सोबत व्हिडिओ, मोजमापं जोडली तर उपयोग होतो का? स्पीडब्रेकर कृपया सुचवू नका, सायकलवाल्यांची कंबर आधीच गेलीये.