फोम नको, आधी फट कुठली ते बघा

स्वयंपाकघरातल्या चिमणीचा वास घरात परत येतोय, तर तिचा पाइप भिंतीतून बाहेर जातो तिथली बोटभर फट फोमने भरून टाका, असा सल्ला कुणीतरी दिलाय. मी तरी ते करणार नाही. फवारून फुगणारा साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम पेट घेतो, आणि इथे तर शेजारीच तेलकट वाफेचा पाइप. त्यापेक्षा फटीत रॉकवूल (दगडापासून बनवलेली, न जळणारी लोकर) दाबून बसवा आणि वरून आग रोखणारं सीलंट भरा. बाहेरच्या बाजूला पावसापासून बचाव करणारं सिलिकॉन.

पण वास नक्की तिथूनच येतोय का? बऱ्याचदा गळती पाइपाच्या जोडावर असते. पंखा चालू करून जोडाभोवती टिश्यूपेपरची पट्टी धरा, हलली की समजा. तिथे पाइप कॉलरवर (पाइप जिच्यावर बसतो ती गोल कडा) नीट चढवून क्लॅम्प आवळा आणि वरून अॅल्युमिनियम फॉइल टेप लावा. कापडी डक्ट टेप नको, उष्णतेने तिचा गोंद वाळतो आणि वर्षा-दोन वर्षांत ती लोंबायला लागते (माझ्याकडे लोंबली, तीही पाहुण्यांसमोर). टेप लावण्याआधी तेलाचा थर साबणाच्या गरम पाण्याने काढून जागा पूर्ण कोरडी करा. हे टाळलंत तर महागातली टेपही धरणार नाही.

पत्र्याच्या पाइपाला सिलिकॉन लावणार असाल तर न्यूट्रल क्युअरचं (सुकताना आंबट वास न येणारं) घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन जस्ताच्या मुलाम्याला गंजवतं. आणि पंखा बंद झाल्यावर मिटणारी झडप त्यात चिकटणार नाही एवढं बघा.